पाण्याचं वेड

बोटीच्या डेकसाठी कप्तानाने याही वेळी तोच काळपट तपकिरी रंग उचलला. लेक म्हणाली, “बाबा, आई दर वेळी म्हणायची, फिकट घ्या.”

“तिला काय कळतंय त्यातलं? फिकटावर डाग दिसतात. हा एकदा लावला की वर्षानुवर्षं बघायला नको.” बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. बायकोला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

जुना रंग खरवडून, लाकूड घासून त्याने नव्याचे दोन हात दिले. रंगाच्या बाबतीत तो पहिल्यापासून कडक. चपला धक्क्यावर काढल्याशिवाय घरच्यांनाही बोटीवर पाय ठेवू द्यायचा नाही. बूट फक्त कप्तानाच्या पायात. पण रंग अजून कोवळा होता, म्हणून भर दुपारी तो नीट वाळलाय का ते बघायला जाताना जन्मात पहिल्यांदा त्यानेही बूट काढले. दोन पावलं टाकली आणि तापल्या तव्यावर पाय पडल्यासारखा तो उडाला. धडपडत कडेला गेला, मटकन बसला आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले.

धक्क्यावरून लेक हसली. “बाबा, अगदी आईसारखे बसलात!”

त्याला हसू येईना. बायको बोटीवर आली की याच जागी, अशीच, ऊन उतरेपर्यंत बसून राहायची. आणि तो भेटेल त्याला कौतुकाने सांगायचा, “आमच्या हिला पाण्याचं भारी वेड!”