वर जाऊन बसा

"तलफ आलेली दिसते! चला, वर जाऊन बाबांपाशी बसा," रीना काउंटरवरूनच ओरडली.

दुर्गेश मुकाट्याने जिना चढला. युक्ती त्याचीच होती. चाळिशी उलटली, पण बापासमोर सिगरेट ओढायची त्याची टाप नव्हती. म्हणून तलफ आली की हार्डवेअरचं दुकान बायकोवर टाकायचं, वर घरात जाऊन बापासमोर बसायचं आणि तलफ गेली की खाली यायचं. च्युइंगमनं जमलं नाही, बडीशेपेनं जमलं नाही, ते बापाच्या धाकानं जमू लागलं.

मारोतरावांना मात्र हे बसणं अजिबात खपत नव्हतं. धंतोलीच्या दवाखान्यात स्टेंट पडला, तेव्हा लेकाचा हात धरून त्यांनी बिडी सोडली होती. तेव्हापासून बिडी बंद आणि तोंड सुरू. "काहून गा, तुले कामधंदा नाही काय?" नाहीतर, "जाय बरं, टाकी भरली का पाहून ये." दुर्गेश टाकी पाहायचा आणि परत येऊन बसायचा. म्हातारा कपाळाला हात लावायचा. आपलं तोंडही बाबांना पाहवत नाही, या विचारानं दुर्गेशला फार वाईट वाटायचं.

रविवारी वर्ध्याला मेहुण्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. नवरा-बायको दिवसभर तिकडेच. "एकीनं काय होते भाऊजी?" म्हणत मेहुण्यानं सिगरेट पुढे केली. एकीनं खरंच काही झालं नाही, म्हणून दुर्गेशनं दुसरी ओढली. मग म्हणाला, आता मोडलंच आहे तर अर्धवट कशाला, आणि अख्खं पाकीट विकत घेतलं. शहाण्या माणसाचं डोकं अशा वेळी कसं चालतं, पाहा!

सोमवारी सकाळी तो वर गेला, पण बसला नाही.

"बाबा, आजपासून मी इथं येऊन बसणार नाही."

म्हातारा आता पेढे वाटेल असं त्याला वाटलं. पण मारोतराव चांगलेच घाबरले. "काहून गा? काय झालं?"

"माझ्याच्यानं सिगरेट सुटत नाही. काल ओढली. मग तुम्हाले उगाच तरास काहून देऊ?"

सिगरेट हा शब्द त्यानं बापासमोर जन्मात पहिल्यांदा काढला होता. आता कानाखाली बसणार म्हणून तो डोळे मिटून उभा राहिला.

मारोतरावांनी त्याचा हात धरला आणि ओढून त्याला खुर्चीत बसवलं.

"उठू नको बाबू. काल तुम्ही वर्ध्याले गेले अन् मी दोन बिड्या ओढल्या. छाती अशी धडधडली का देव आठवला," ते म्हणाले. "तू समोर बसून राहाय गा. मी कितीही हाकललं तरी जाऊ नको."