राणीचं सोंग

मोमिनाबादेत संगीत नाटकाची मंडळी उतरली. राणीचं काम करणारा नट बायकांची चालचलणूक शिकायला चार दिवस माझ्या ओसरीवर बसला. राणी उभी करायची, तर माझ्यावाचून गावात दुसरी होती कोण? पहिल्या खेळाला मी मिरवत बायकांत पुढं बसले. राणीच्या दारी तिची बालमैत्रीण आसरा मागायला आली. राणीनं थेट माझ्यासारखा पदर झटकला, “कावून आलीस? ही काय धर्मशाळा हाय?” परवा माझी बालमैत्रीण छबू अशीच आली, तवा हेच शब्द मी तिच्या तोंडावर फेकले. मेला ओसरीवरून ऐकत होता! चिकाच्या, बांबूच्या कामट्यांच्या पडद्याआड माझ्यासंगं बसलेल्या बायका राणीला शिव्या घालत माझ्याकडं बघू लागल्या. “दगड हाय मेली!” तेवढ्यात मागून कुणीतरी कडाडलं, “गप बसा गं! लई जीव लावलाय तिनं मला.” वळले, तर काखेत बोचकं धरलेली छबू.