माळ्यावरचा भोपळा

"असा भोपळा वाळून मुरायला वीस वर्षं लागतात, मॅडम," मिरजेचे तंबोरे बनवणारे नबीलालचाचा म्हणाले. विद्यापीठाच्या साठ वर्षांच्या तंबोऱ्याचा भोपळा माझ्याच हातून फुटला होता. आता तंबोरा कायमचा काचेच्या कपाटात जाणार, या विचाराने माझा चेहरा उतरला.

चाचांनी शिडी लावून माळ्यावरून एक वाळलेला भोपळा काढला. त्यावर विद्यापीठाचं नाव होतं. "अब्बांनी तुमचा तंबोरा बनवला, तेव्हाच हाही टांगला. कितीजणांनी मागितला, दिला नाही."

दोन महिन्यांनी त्यांच्याच दुकानात मी नवा भोपळा बसवलेल्या तंबोऱ्याच्या तारा छेडल्या, तर तोच जुना आवाज घुमला.

चाचा मात्र एका ताज्या, हिरव्या भोपळ्यावर विद्यापीठाचं नाव लिहीत बसले होते.

"आता हा कशाला?"

"वाजवणार ना तुम्ही? मग फुटणारच कधीतरी!"