चौदाव्या प्रश्नाची फेरतपासणी

प्रश्न १४. गेल्या वर्षभरात छातीत गाठ जाणवली का? उत्तर : नाही.

हंडा डोक्यावर घेताना बाईने डावा हात वर केला नाही, तर ती दमली असेल असं घरचे समजतात.

'माहिती घेताना घरातल्या पुरुषांना बाहेर थांबायला सांगावे.' सर्व्हेच्या सूचना, पान दुसरं.

किरणच्या लग्नाच्या अल्बममध्ये आईचे नऊ फोटो. नऊच्या नऊ फोटोंत ती हसते आहे.

धुळ्याचे डॉक्टर, ऑगस्टमध्ये : "गाठ वर्षाची तरी आहे. होळीच्या आसपास आणलं असतं तर काही करता आलं असतं."

किरणने फॉर्म उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. पुष्पाबाई रुपचंद पाटील, वय ४९, तालुका चोपडा. माहिती घेणारी : मंतशा शेख.

आरोग्य सर्व्हे करणाऱ्या धुळ्याच्या या संस्थेत लागून किरणला पाच महिने झाले होते. जुने फॉर्म तपासायचं काम. गेल्या वर्षीच्या मार्चमधला गठ्ठा आज तिच्या टेबलावर आला, आणि त्यात तिची आई निघाली. आई डिसेंबरात गेली होती.

'हो'वर खूण असती तर आईला दवाखान्याची चिठ्ठी मिळाली असती. आठ दिवसांनी संस्थेचा फोन गेला असता. मार्चमध्ये.

शेजारच्या टेबलावरून ललितने मान लांब केली. "काय गं, एवढं काय बघतेस? या पोरी घरी बसून भरतात. पंखा लावायचा, मालिका लावायची, नाही-नाही-नाही करत गठ्ठा संपवायचा."

किरणला तेवढं पुरलं.

तिने मंतशाची माहिती काढली. राहणार जळगाव. वडील नासीरभाई शिलाईचं काम करायचे, आता डोळे गेलेले. घर मंतशावर. पंधरा जुलैला तिला कायम केल्याचं पत्र मिळणार होतं.

किरणने अहवालाची तारीख ठरवली. चौदा जुलै. आधी दिला असता तर मंतशाला दुसरीकडे बघायला वेळ मिळाला असता.

मग ती माहेरच्या गावी गेली. दुपारची वेळ. बाया निंदणीला गेलेल्या. ओट्यावर सुपडू आबा बसले होते.

"आबा, मागच्या वर्षी सर्व्हेवाली पोरगी आली होती का हो?"

"कोनी उनं नही, बाई. उनं असतं तं माले समजतं ना. मी आठेच बसेल ऱ्हास."

"इथेच, दिवसभर?"

"बठ्ठा दिन. दुसरं काय काम शे माले?"

अकरा घरं. अकराही ठिकाणी जो पुरुष भेटला तो म्हणाला, कोणी आलं नाही. किरणने अकरा वेळा सही घेतली. स्वतःच्या घराकडे ती वळली नाही.

चौदा तारखेला मंतशा सकाळच्या बसने धुळ्याला आली. पत्रासाठीच बोलावलं असेल असं तिला वाटलं होतं. हातात पेढ्यांचा डबा होता.

"अकरा फॉर्म," साहेब म्हणाले. हेमराज साहेबांना कोणाला रागावता येत नसे, ते फाइलकडे बघून बोलत. "तू त्या घरी गेलीच नाहीस, असं हिचं म्हणणं आहे."

"गेले होते, सर. पुरुष शेतावर गेल्यावरच जायचे. बायांना विचारलं का?"

"घरी जे होते त्यांना विचारलं," किरण म्हणाली. "अकरा राहू दे. या एकाच घराचं सांग. पुष्पाबाई. माझी आई."

मंतशाने फॉर्मकडे पाहिलं. मग किरणच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे.

"कधी गेल्या?"

"डिसेंबरात."

मंतशा खुर्चीत बसली. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"गेली होतीस ना घरी? मग आई काय बोलली ते सांग. दार कुठे, चूल कुठे, ते नको. तिचं एक वाक्य सांग. हा अहवाल मी आत्ता फाडते."

मंतशा डब्याच्या दोऱ्याची गाठ सोडत राहिली. सुटली, तशी पुन्हा बांधली.

"फॉर्मवर आहे तेवढंच."

"फॉर्मवर 'नाही' आहे."

"मग तेच."

"अगं, काहीतरी बोल," साहेब म्हणाले. "पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, सही करून."

मंतशाने डबा टेबलावर ठेवला.

"बोलायला काही असेल तर बोलेल ना," किरण म्हणाली. "घरी बसून मेलेल्या माणसांची उत्तरं लिहिणारी बाई."

साहेबांनी पत्र फाडलं. चार तुकडे केले आणि ते कुठे टाकावेत हे न कळून पुन्हा ड्रॉवरमध्येच ठेवले.

धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या संस्थांना मेल किरणनेच लिहिला. मंतशाचं पूर्ण नाव, फोटो, 'खोटे फॉर्म भरल्यामुळे कामावरून कमी'. पाठवण्याआधी तिने तो दोनदा वाचला. मंतशा समोर उभी असतानाच बटण दाबलं.

मंतशा दारापर्यंत गेली आणि वळली.

"ताई, तुम्ही स्वतःची तपासणी करून घ्या. आईला असेल तर मुलीने दरवर्षी करावी."

"तुझा सर्व्हे संपला," किरण म्हणाली.

डबा टेबलावरच राहिला. ललितने एक पेढा उचलला, किरणकडे बघितलं, परत ठेवला. किरणने मात्र घेतला. मग दुसरा. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच तिला काही गोड लागलं.

गेल्या वर्षी मार्चच्या एकोणीस तारखेला, किरणच्या हळदीला सव्वीस दिवस असताना, पुष्पाबाईंनी दार लोटून मंतशाचा हात स्वतःच्या गाठीवर ठेवला होता आणि म्हटलं होतं, "'नही' लिख. पोरनं लगीन व्हई जाऊ दे, मंग मी जासू दवाखानाम. पन पोरले कधीच सांगू नको."