भिंतीपलीकडचं बोलणं

कामाच्या पाचही जणी सोमवारपासून तलासरीच्या फुग्यांच्या कारखान्यात जाणार, हे रंभाबाईला त्यांच्या तोंडून नाही, टेम्पोवाल्या चैत्याच्या तोंडून कळलं. आणि वाडीत चिकू असा लागलेला, की फांद्या जमिनीला टेकायच्या बाकी.

ती तडक शेडमध्ये गेली. बाया ढिगाभोवती बसून मोठा-बारीक चिकू वेगळा करत होत्या, खिदळत होत्या. मालकिणीची सावली पडली नि खिदळणं बंद. ते रोजचंच. पण आज रंभाबाईनं एक रिकामं क्रेट पालथं घातलं आणि ती त्यांच्यातच बसली.

"काय गो शुक्री, कारखान्यात काय सोन्याचे फुगे निघतात?"

शुक्री सगळ्यांत जुनी. वीस वर्षं याच ढिगाशी बसलेली. तिनं मान वर केली नाही.

"नाय बाय."

"मग इथं काय कमी पडलं?"

"काय नाय."

"मी शिव्या घालते म्हणून?"

जमना हातातल्या चिकूचं देठ खुडत राहिली.

"घालते मी शिव्या. पण पोटात काही ठेवत नाही. तुम्ही सगळ्या पोटातच ठेवता."

रंभाबाईनं चार चिकू उचलले, चारही चुकीच्या क्रेटात टाकले. रूपीनं ते गुपचूप काढून बरोबर क्रेटात ठेवले.

"दगडाला पाझर फुटेल, तुम्हाला तोंड फुटायचं नाही," असं म्हणत ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बाहेर गेली.

बाहेर गेली, पण घरी नाही. शेडमागच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन थांबली. पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं.

"चारोटीहून पाड्याकडची शेवटची रिक्षा पाचला," रूपी म्हणत होती. "बाय सोडते साडेपाचला. मंग चालत जा. घरी पोचते तं पोर उपाशी निजलेलं. कारखान्याची गाडी दारात सोडते."

"मला तं तो रबराचा वास नाय सोसत," जमना म्हणाली. "इथलंच बरं."

"मंग सांग ना बायला."

"मी? तू सांग. तुझं तोंड मोठं."

सगळ्या हसल्या. शुक्री हसली नाही.

"मागं आपल्यातल्या बारकीनं रिक्षाचं सांगितलं होतं," ती म्हणाली. "बाय काय बोलली? जायचं तं जा, वाट मोठी आहे. बारकी गेली. परत आली का?"

रंभाबाईला बारकी आठवली. बोललेलं काही आठवेना. असं ती दिवसातून दहा जणांना बोलायची. पत्र्याला कान लावून ती उभी होती. अजून थोडं ऐकायचं होतं. पण जीभ कुठली ऐकते?

"अगो मेल्यांनो, टेम्पो दारात उभा असतो ना दिवसभर! चिकूचा चीक लागून तोंडं चिकटली होती काय?"

आतून मग एकामागून एक क्रेटात चिकू पडल्याचे आवाज तेवढे येऊ लागले.

साडेपाचला तिनं टेम्पो फाटकापाशी आणवला आणि स्वतः मागची फळी धरून उभी राहिली. बाया हातपाय धुऊन आल्या, डोक्यावरून पदर घेतले आणि थांबल्या. चैत्यानं दोनदा हॉर्न दिला. पाचातली एक पाय उचलेल तर शपथ.

"चढा ना गो. माझं तोंड काय बघता?"

शुक्री पुढं आली. हळूच, घरातल्या आजारी माणसाशी बोलावं तसं बोलली.

"बाय, तू आत जा. मंग चढतील त्या."

रंभाबाईनं तिच्याकडं बघितलं. ओठावर आलेलं पहिल्यांदाच गिळलं. फळी सोडली, ओटा चढली, आत जाऊन दार लोटलं आणि दारामागेच उभी राहिली.

धपाधप पाय वाजले. शुक्री चैत्याला म्हणाली, "सोमवारी सातला पाड्यावर ये रे, वाडीत यायला. पाचही जणी आहोत." आणि टेम्पो हलायच्या आधीच त्यांचं बोलणं सुरू झालं.

गाडी वळणापर्यंत गेली तरी बोलणं ऐकू येत होतं. काय बोलतात, ते मात्र आता कळत नव्हतं.