वाढवायचं राहिलेलं दुकान

दिवेलागणीला सासूबाई, म्हणजे पुतळाबाई, खिडकीशी बसल्या की मनस्वी त्या खोलीत जायचं टाळायची. आजही ती दाराशीच थांबली. तळमजल्याची खिडकी, बाहेर स्कूटरींची रांग, आणि पुतळाबाई ग्रिलमधून हात बाहेर काढून कुणाला तरी पुडी देत होत्या. हातात पुडी नव्हती. बाहेर माणूसही नव्हतं.

"मीठ उद्या ने," त्या म्हणाल्या. "दिवे लागले."

तिन्हीसांजेला दुकानातून मीठ द्यायचं नसतं. हा नियम त्या नसलेल्या गिऱ्हाइकालाही लावत होत्या.

बिल्डिंग मनस्वीच्या नवऱ्याने, रुपेशने, घरच्याच जागेवर बांधलेली. त्याआधी इथे कामोठे गावातली अरुंद गल्ली होती आणि गल्लीच्या तोंडाशी पुतळाबाईंचं दुकान. समोर पिठाची गिरणी, गिरणीला लागून शिंपी, पलीकडच्या कोपऱ्यावर तासाच्या भाड्याने सायकली देणारा. मनस्वीने यातलं काहीच पाहिलं नव्हतं. लग्न होऊन ती आली ती थेट टाइल्सवरच. पण आता तिला सगळी गल्ली पाठ झाली होती, कारण रोज संध्याकाळी ती या खिडकीत भरायची. पिठाने पांढरा झालेला गिरणवाला यायचा, गल्लीतली गोजरा काडेपेटी मागायची, शिंपी चहापत्तीसाठी अडून बसायचा. सासूबाई सगळ्यांशी बोलायच्या, एखाद्याला दटावायच्याही. यातलं एकही माणूस आता हयात नव्हतं.

रुपेशने डॉक्टर केले. टेन्शन आहे म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पुतळाबाईंना दुपारची गाढ झोप लागायला लागली आणि संध्याकाळी त्या आणखी ताज्यातवान्या होऊन दुकानावर बसायला लागल्या. मनस्वीला दिवस गेलेले, त्यात झाडफूक करणाऱ्या भगताला दाखवा, अशी शेजारपाजारची कुजबुज. शेवटी रुपेशने ठरवलं की येत्या रविवारी आईला उरणला सगुणामावशीकडे नेऊन सोडायचं, ते कायमचंच. आईला मात्र त्याने अजून सांगितलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाच्या तोंडाने?

मनस्वीला ते नको होतं. या खिडकीची तिला भीती वाटायची हे खरं. पण ओकाऱ्यांनी पोटात पाणी ठरत नव्हतं तेव्हा चमच्याचमच्याने पेज भरवली होती ती याच बाईने. तिला घराबाहेर काढून वर आपण इथे सुखाने बाळंत व्हायचं, हे मनस्वीच्या मनाला पटत नव्हतं.

म्हणून आज ती सासूबाईंच्या जवळ जाऊन बसली आणि धीर करून म्हणाली, "आई, आता बंद करा ना हे दुकान."

पुतळाबाईंनी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"बंद नको बोलूस, पोरी. दुकान वाढवायचं असतं."

मग त्या सांगत गेल्या. दिवस संपला की दुकान वाढवायचं, म्हणजे गल्ल्याला हात लावून नमस्कार करायचा, उंबऱ्यावर पाणी शिंपडायचं, मग फळ्या लावायच्या. कितीही दमलं तरी हे चुकवायचं नाही. पण गल्ली पाडायची होती त्याच्या आदल्याच दिवशी पाडायचं मशीन येऊन उभं राहिलं. ड्रायव्हरला कुणीतरी चुकीचा वार सांगितला होता. बरण्या कशाबशा टेम्पोत चढल्या आणि भिंत खाली आली, तेव्हा दुकानासमोर गिऱ्हाईक उभं होतं.

"वाढवायचं रायलं," त्या म्हणाल्या. "दुकान उगडंच हाय. मंग गिऱ्हाईक येनारच ना?"

मनस्वीला ते इतकं सरळ वाटलं की तिची भीतीच पळाली. एवढंच होतं तर! गोळ्या नकोत, भगत नको, उरणही नको. तिने रुपेशचा रविवारचा बेत सांगून टाकला आणि म्हणाली, की आजच आपण दोघी मिळून दुकान वाढवू, म्हणजे तुम्हाला कुणी कुठे धाडणार नाही.

पुतळाबाई बराच वेळ मनस्वीच्या पोटाकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते मनस्वीला दिसलं. उरणचं ऐकून आलं असेल, असं तिला वाटलं.

"वाढवू," त्या म्हणाल्या. "येक गिऱ्हाईक यायचं हाय. तेवडं होऊ दे."

दोघी बसून राहिल्या. समोरच्या सोसायटीत कुणाच्या तरी टीव्हीवर बातम्या लागल्या. खिडकीखाली झोपलेलं कुत्रं अचानक उठलं, कुणाला वाट करून द्यावी तसं बाजूला झालं आणि पुन्हा अंग मुडपून बसलं. पुतळाबाईंनी पुडी बांधली, हात ग्रिलबाहेर नेला. आज तो हात लगेच आत आला नाही. त्या अगदी हळू काहीतरी बोलल्या.

मग उठल्या. मनस्वीने तांब्याभर पाणी आणून दिलं. पुतळाबाईंनी खिडकीच्या चौकटीवर ते शिंपडलं, नमस्कार केला, आणि नसलेल्या फळ्या एकेक उचलून खाचेत बसवल्या. शेवटच्या फळीला त्यांना वेळ लागला. "वाढवलं," असं म्हणून त्यांनी काच ओढून घेतली.

मनस्वीला हायसं वाटलं. रुपेशच्या पेजरवर आत्ताच निरोप टाकावा, असंही तिच्या मनात आलं. सहज म्हणून तिने विचारलं, की शेवटचं गिऱ्हाईक कोण होतं.

"रुपेशचा बापूस," पुतळाबाई म्हणाल्या. "तंबाखू न्यायचा."

सासरे मनस्वीने फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिले होते. आपण काय करून बसलो ते तिला आत्ता कळलं. तिने विचारलं, काही म्हणाले का?

पुतळाबाईंनी पदराने तळहात पुसला.

"रोज निंगताना ‘येतो’ बोलायचा," त्या म्हणाल्या. "आज ‘जातो’ बोलला."