छातीवरचं भोक

आईच्या ऑपरेशनसाठी विकण्यासारखं घरात एकच उरलं होतं: आजोबांचा दुसऱ्या महायुद्धातला लष्करी कोट. जुने गणवेश जमवणारे एक गृहस्थ फोनवर म्हणाले, "धड कोट माझ्याकडे कपाटभर आहेत हो. मला ते छातीवरचं गोळीचं भोक हवंय. पैसे भोकाचेच देतोय म्हणा ना! संध्याकाळी येतो."

बायकोला "गिऱ्हाईक येतंय, कोट जरा नीट करून ठेव" एवढंच सांगून मी दवाखान्यात धावलो आणि ऑपरेशनची तारीख पक्की करून आलो.

रफूकामात आमच्या हिचा हात कुणी धरणार नाही. दारातच कोट पुढे धरून, दुखरे डोळे चोळत ती हसली.



"अहो, भोक कुठे होतं ते आता शोधून दाखवा! मलासुद्धा सापडत नाहीये."